गजरी तूर, न्हावा-शेवा आणि समुद्रापलीकडचे शेजारी

उलवेकर

भारत आणि पूर्व आफ्रिका यांच्या संबंधांवर आपल्याकडे चर्चा होते ती एक तर दिल्लीत शिखर परिषद भरली की, नाहीतर चीनने तिकडे रेल्वे किंवा बंदर बांधलं की. या संबंधांचा रोजचा व्यवहार मात्र आपल्या नवी मुंबईतच चालतो. माल न्हावा-शेव्याला उतरतो, सौदे तुर्भ्याच्या दाणाबाजारात होतात. मराठीत यावर फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हा धागा काढतोय.

मी कस्टम्स ब्रोकरच्या ऑफिसात आहे. पावसाळा सरत आला की आमच्याकडे तुरीची कागदपत्रं यायला लागतात. मोझांबिकच्या नकाला आणि बैरा बंदरांतून, टांझानियाच्या दार-एस-सलाममधून. मलावीला समुद्रच नाही, त्यामुळे तिथली तूर शेजाऱ्यांच्या बंदरांतून निघते. बिल ऑफ एंट्री (आयातीचं घोषणापत्र), फायटो (माल रोग-किडीमुक्त असल्याचा दाखला), फ्युमिगेशनचा म्हणजे धुरी दिल्याचा दाखला, सगळं जुळलं की कंटेनर सुटतो. नाही जुळलं तर डिटेंशन, म्हणजे कंटेनर अडकल्याचा आकार, चढत जातं.

आता मूळ मुद्दा. २०१५ मध्ये तूरडाळ किरकोळीत २०० रुपये किलोपर्यंत गेली होती, आठवत असेल. लागोपाठ दोन वर्षं पाऊस कमी झाला होता. जुलै २०१६ मध्ये पंतप्रधान मोझांबिकला गेले आणि डाळींचा करार झाला. पहिल्या वर्षी १ लाख टन आणि वाढवत नेऊन २०२०-२१ पर्यंत २ लाख टन. उत्तर मोझांबिकमधला छोटा शेतकरी तूर फारशी खात नाही, तो ती पिकवतो आपल्यासाठी. भारत घेणार म्हटल्यावर तिकडे पेरा वाढला.

त्याच हंगामात आपल्याकडे चांगला पाऊस झाला. तुरीचं उत्पादन २०१५-१६ मध्ये साधारण २५ लाख टन होतं, ते २०१६-१७ मध्ये ४८ लाख टनांच्या वर गेलं. भाव हमीभावाखाली आले. मार्च २०१७ मध्ये १० टक्के आयात शुल्क लागलं आणि ५ ऑगस्ट २०१७ ला तुरीच्या आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा आली. मोझांबिकच्या करारातलं प्रमाण मर्यादेबाहेर ठेवलं होतं, हे खरं. पण तिथलं पीक कराराहून मोठं होतं, आणि टांझानिया, मलावी, केनिया यांच्याशी तर तेव्हा करारच नव्हता. ऑगस्टमध्ये तिकडे तूर काढणीला आलेली असते. त्या शेतकऱ्यांचे भाव कोसळले.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपण तिकडे कर्ज देतो, शिष्यवृत्त्या देतो, युद्धनौका पाठवतो, ते सगळं महत्त्वाचं आहे. पण पलीकडचा माणूस आपल्याला ओळखतो तो आपलं दार कधी उघडं असतं आणि कधी धाडकन बंद होतं त्यावरून. आणि या बाबतीत आपली वागणूक बरी नाही. तुमची मतं हवी आहेत, विरोधी असली तरी.

दाणाबाजार

उलवेकर, विषय काढलात ते फार बरं केलंत. आमच्या घरात तीन पिढ्या कडधान्याचा व्यापार आहे, थोडी बाजाराची बाजू सांगतो.

आपल्याकडे येणारी परदेशी तूर एकसारखी नसते. ब्रह्मदेशची ती लेमन. आफ्रिकेतली मोझांबिकची गजरी, टांझानियाची अरुषा आणि मटवारा, शिवाय सुदानची. दाण्याचा रंग, आकार, डाळीचा उतारा, सगळं वेगळं, म्हणून रोज भावही वेगळे निघतात. लेमन वर्षाच्या सुरुवातीला तयार होते. आफ्रिकेची तूर आपल्याकडे सप्टेंबर ते डिसेंबरात लागते. आपली नवी तूर डिसेंबर-जानेवारीत बाजारात येते. म्हणजे गजरी नेमकी अशा वेळी येते की जुना माल संपत आलेला असतो आणि दिवाळीची मागणी तोंडावर असते.

ही तूर कुठे भरडली जाते? बराचसा माल न्हावा-शेव्याहून थेट अकोला, लातूरच्या मिलना जातो. त्या महिन्यांत मिलला देशी माल पुरत नाही. आयात आली नाही तर मिल बंद ठेवायची वेळ येते, कामगार घरी बसतो. तेव्हा आयात ही फक्त मुंबईच्या व्यापाऱ्याची सोय आहे असं समजू नका.

मांजरा_काठ

मी ऐरोलीत राहतो, पण शेती लातूर जिल्ह्यात आहे आणि वडील अजून तूर करतात. म्हणून जरा कडक लिहितो, राग मानू नये.

२०१७ चा उन्हाळा तुम्ही ऑगस्टच्या आदेशावरून आठवता. आम्ही तो खरेदी केंद्राबाहेरच्या ट्रॅक्टरच्या रांगेवरून आठवतो. हमीभाव बोनस धरून ५,०५० रुपये क्विंटल. केंद्रावर बारदाना (रिकामी पोती) नाही म्हणून काटा बंद. आज सुरू होईल, उद्या सुरू होईल असं ऐकत माणसं पोत्यांवर झोपली. ज्याला पैशाची निकड होती त्याने खाजगीत मिळेल त्या भावाला घातली. सरकारने आधी ‘तूर लावा’ म्हणून सांगितलं होतं. आम्ही लावली.

तूर पाच-सहा महिने शेत अडवून बसते. मर रोग आला तर उभं झाड वाळतं, शेंगा भरताना ढग आले की अळी. बीडीएन ७११ सारखं लवकर येणारं वाण आलं म्हणून निदान परतीच्या पावसावर निभावतं. इतकं करून माल घरात आला की बंदरात परदेशी कंटेनर लागलेले. मोझांबिकच्या शेतकऱ्याशी माझं भांडण नाही. पण दार कुणासाठी उघडं ठेवायचं हे ठरवताना लातूरचा शेतकरी आधी का नको? मे २०२१ मध्ये तूर आयात खुली झाली. मुदत वाढवत वाढवत ३१ मार्च २०२६ पर्यंत नेली. २०२४-२५ मध्ये विक्रमी आयात झाली आणि आमचा भाव पुन्हा हमीभावाखाली आला. संबंध टिकवायचे ते आमच्या जिवावर का?

वेदवती

मांजरा_काठ, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि त्याचं उत्तर उलवेकरांनी द्यायला हवं. मी ठाण्यात इतिहास शिकवते, तेवढ्यापुरतं लिहिते.

हा समुद्र ओलांडणं आपल्या भागाला नवं नाही. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशांच्या प्रवासवर्णनात कल्याण, सोपारा आणि चौल या तिन्ही बंदरांचा उल्लेख येतो. मोसमी वाऱ्यांच्या हिशेबाने गलबतं निघायची. ईशान्येचा वारा धरून आफ्रिकेकडे आणि नैऋत्येच्या वाऱ्यावर परत. मुरूड-जंजिऱ्याचे सिद्दी आणि निजामशाही सांभाळणारा मलिक अंबर ही याच पाण्यावरून आलेली माणसं.

पण या इतिहासाचं कौतुक करताना एक बाजू झाकली जाते. एकोणिसाव्या शतकात झांझिबारमध्ये कच्छ आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांचं वजन प्रचंड होतं. सुलतानाची जकात वसुली जयराम शिवजी यांच्या पेढीकडे होती. लवंगेचे मळे गुलामांच्या कष्टावर चालायचे आणि त्या मळेवाल्यांना कर्ज देणाऱ्यांत आपले लोक होते. १८७३ मध्ये झांझिबारचा गुलामांचा व्यापार बंद करायचा तह करण्यासाठी जे गेले ते बार्टल फ्रिअर आधी मुंबईचे गव्हर्नर होते. सुटका झालेल्या आफ्रिकन मुलांपैकी कित्येकांना नाशिकच्या शरणपूरला ठेवून शिकवलं. त्यांतले काही आफ्रिकेचा शोध घेणाऱ्या लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या प्रवासात बरोबर होते, आणि पुढे बरेच जण मोंबासाजवळच्या फ्रिअर टाउनमध्ये जाऊन राहिले. नाशिक आणि मोंबासाचं हे नातं आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवं असं मला फार वाटतं.

१९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला लावला. तो अन्यायच होता. पण दुकानाच्या गल्ल्यापलीकडे नातं वाढलं नाही, ही तिथल्या सामान्य माणसाची जुनी तक्रार होती आणि अमीनने तिचाच वापर केला. आज व्यापाराबद्दल बोलताना हे विसरून चालणार नाही.

खारघरचा_विद्यार्थी

स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय, म्हणून विचारतो. चीनचा आफ्रिकेशी व्यापार आपल्या तिप्पट तरी आहे. बंदरं, रेल्वे, जिबुतीला २०१७ पासून लष्करी तळ. आपण त्यांच्याशी बरोबरी करू शकतो का? आणि आपल्या मदतीचं स्वरूप नेमकं काय आहे?

प्रवासी_पक्षी

काही वर्षं दार-एस-सलामला नोकरी होती, आता ठाण्यात घोडबंदर रोडला स्थायिक. विद्यार्थी मित्रा, पाहिलेलं आणि वाचलेलं दोन्ही सांगतो.

चीनची गोष्ट २००० नंतर सुरू झाली असं समजू नकोस. दार-एस-सलामहून झांबियापर्यंतची ताझारा रेल्वे, सुमारे १,८६० किलोमीटर, चीनने १९७० ते ७५ दरम्यान बिनव्याजी कर्जावर बांधून दिली. तेव्हा चीन स्वतः गरीब होता. झांबियाला आपलं तांबं गोऱ्यांच्या ताब्यातल्या ऱ्होडेशियातून (आजचं झिंबाब्वे) न्यायचं नव्हतं, आणि पाश्चात्त्य देश पैसे द्यायला तयार नव्हते. गाड्या आज रडतखडत चालत असल्या तरी त्या रेल्वेचं नाव तिथले म्हातारे लोक आदराने घेतात. अडचणीच्या वेळी केलेली मदत लोकांच्या अशी लक्षात राहते. उलट २०१७ मध्ये सुरू झालेली मोंबासा-नैरोबी रेल्वे चकाचक आहे, पण तिच्या कर्जाचे हप्ते हा केनियाच्या राजकारणात भांडणाचा विषय आहे.

आपल्या मदतीचे तीन रस्ते. एक, आयटेक हा १९६४ पासूनचा प्रशिक्षणाचा कार्यक्रम. तिकडचे अधिकारी, इंजिनिअर, परिचारिका आपल्याकडे येऊन शिकून जातात. कमी पैशात सर्वांत जास्त माणसं जोडणारी गोष्ट कोणती, तर ही. दोन, एक्झिम बँकेमार्फत सवलतीचं कर्ज. त्यात सर्वसाधारणपणे ७५ टक्के माल आणि सेवा भारतातून घ्यावी लागते. म्हणजे ते कर्ज आपल्या कारखानदारांनाही काम देतं. टांझानियातल्या दोन डझन गावांच्या पाणी योजनांसाठी ५० कोटी डॉलरचं कर्ज आहे. तीन, थेट अनुदान. २०१५ च्या दिल्लीतल्या भारत-आफ्रिका परिषदेत १,००० कोटी डॉलरचं कर्ज, ६० कोटी डॉलरचं अनुदान आणि ५० हजार शिष्यवृत्त्या जाहीर झाल्या होत्या.

अडचण आपल्याकडे जाहीर करण्याची नाही, पुरं करण्याची आहे. निविदा लांबतात, ठेकेदार रखडतो, कर्जाचा पैसा उचललाच जात नाही. तिकडच्या सहकाऱ्यांकडून मी हेच ऐकत असे: तुमची माणसं चांगली, अटी चांगल्या, पण काम कधी होणार ते सांगा. २०२३ मध्ये आयआयटी मद्रासने झांझिबारला कॅम्पस सुरू केला तेव्हा मला मनापासून आनंद झाला, कारण ते बोलल्याप्रमाणे वेळेत उभं राहिलं.

पैशाच्या आकड्यांत चीनशी बरोबरी होणार नाही, ती करूही नये.

जुना_खलाशी

व्यापारी जहाजांवर आयुष्य गेलं, आता निवृत्त, मुक्काम नौपाडा. सगळी चर्चा पैशावर चालली आहे, समुद्राची बाजू मी मांडतो.

उलवेकर, तुम्ही युद्धनौकांना एका ओळीत उरकलंत, ते मला पटलं नाही. मार्च २०१९ मध्ये इडाई वादळाने बैरा शहर जवळजवळ पाण्याखाली घातलं. त्या वेळी आपल्या नौदलाची सुजाता, शार्दूल आणि तटरक्षक दलाचं सारथी ही जहाजं त्या भागात होती. सगळ्यांत आधी पोहोचलेल्या परदेशी मदतीत ती होती. माणसं उचलली, अन्न-पाणी दिलं, औषधोपचार केले. २०२० च्या मे महिन्यात केसरी ही नौका मालदीव, मॉरिशस, सेशेल्स, मादागास्कर आणि कोमोरोसला धान्य आणि औषधं घेऊन गेली.

मार्च २०२४ मधलं ‘रुएन’ जहाजाचं प्रकरण आठवा. सोमाली चाच्यांनी पळवलेलं ते जहाज आयएनएस कोलकाता आणि मार्कोस कमांडोंनी भारतीय किनाऱ्यापासून सुमारे १,४०० सागरी मैलांवर सोडवलं. १७ खलाशी सुखरूप सुटले. ३५ चाचे मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले. जहाजावर काम केलेल्या माणसाला विचारा, पहाऱ्याला कुणीतरी आहे हे कळल्यावर झोप कशी लागते.

नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. युरोपची जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालायला लागली. तुरीचा रस्ता तांबड्या समुद्रातून जात नाही, तरी त्यालाही झळ लागलीच, कारण लांबच्या फेऱ्यांत जहाजं आणि रिकामे कंटेनर अडकले की भाडं सगळीकडे चढतं. उलवेकर हे रोज बघत असतील.

पण एक कबूल करतो. तळ उभारायचा म्हटलं की शेजारी बिचकतात. सेशेल्सच्या अझम्प्शन बेटावर आपण सोयी उभारायच्या असं २०१५ मध्ये ठरलं, २०१८ मध्ये करार सुधारून झाला, पण तिथे लोक रस्त्यावर उतरले आणि संसदेने तो मंजूर केला नाही. मॉरिशसच्या अगालेगा बेटावर मात्र धावपट्टी आणि जहाजांसाठी धक्का झाला, २०२४ च्या फेब्रुवारीत उद्घाटनही झालं. मॉरिशसशी आपले धागे जुने आहेत. गिरमिटाच्या काळात गेलेल्यांत कोकणातली मराठी माणसंही होती आणि तिथल्या शाळांत आजही मराठी शिकवतात. अशा मुरलेल्या नात्यावरच धक्का बांधता येतो.

नेरुळची_मीरा

खलाशीकाका, छान लिहिलंत.

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या औषध कंपनीत निर्यात परवान्यांचं काम बघते. उलवेकरांच्या ‘दार’ या मुद्द्याला औषधांतून दोन उदाहरणं देते, एक अभिमानाचं आणि एक टोचणारं.

२००१ पर्यंत एचआयव्हीच्या तीन औषधांचा वर्षाचा खर्च रुग्णामागे १० हजार डॉलरच्या वर होता. आफ्रिकेत लाखो माणसं मरत होती. मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी तीच औषधं स्वयंसेवी संस्थांना वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी दरात द्यायची तयारी दाखवली. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधावर नव्हे, बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट होतं, म्हणून हे शक्य झालं. यात मदत किती आणि व्यापार किती हे मला वेगळं करता येत नाही. कंपनीने धंदाच केला, आणि त्या धंद्याने माणसं जगली. परवान्याच्या कामात तिकडच्या आरोग्य खात्यातल्या लोकांशी बोलणं होतं तेव्हा त्यांच्या बोलण्यात भारताबद्दल जो आपलेपणा येतो तो या औषधांमुळे, भाषणांमुळे नाही.

आता दुसरं. जानेवारी २०२१ पासून आपण शेजाऱ्यांना आणि आफ्रिकेला कोविडची लस पाठवली. एप्रिलमध्ये आपल्याकडे दुसरी लाट आली आणि निर्यात थांबली. त्या वेळी इथे ऑक्सिजन मिळत नव्हता, थांबवली हे मी चूक म्हणणार नाही. पण गरीब देशांना लस पुरवणाऱ्या कोव्हॅक्स या जागतिक योजनेची आफ्रिकेला जायची बहुतेक लस पुण्याच्या कारखान्यावर अवलंबून होती. पुन्हा पुरवठा सुरू व्हायला नोव्हेंबर उजाडला. आफ्रिकन युनियनने त्याच वर्षी ठरवलं की २०४० पर्यंत गरजेच्या ६० टक्के लशी खंडातच बनवायच्या. एकदा कुणी अडलं की तो दुसरी सोय बघतो आणि ती पाहिल्यावर परत पूर्वीसारखा येत नाही.

काजूबाग

सावंतवाडीकडची बाग आहे, राहतो कळव्याला. आफ्रिकेचा कच्चा काजू स्वस्तात येतो म्हणून आमचा भाव पडतो, ही ओरड आमच्याकडे दर वर्षी असते. मांजरा_काठ यांना माझा पाठिंबा. टांझानियाच्या मटवाऱ्यात २०१८ मध्ये व्यापारी भाव देईनात म्हणून राष्ट्राध्यक्ष मागुफुली यांनी सैन्य लावून काजू उचलला होता. तिकडचा शेतकरीही नाडलेला आहेच. दोन्हीकडचे नाडलेले आणि मध्ये जहाज, असं चित्र आहे.

दाणाबाजार

काजूबाग, बरोबर. पण बंद दाराचा त्रास फक्त आत येणाऱ्या मालाचा नसतो. बाहेर जाणाऱ्याचाही बघा. डिसेंबर २०२३ ते मे २०२४ कांदा निर्यात बंद. नाशिकचा कांदा न्हावा-शेव्यातून श्रीलंका, दुबई, मलेशियाला जातो. बंदी लागल्या दिवशी बंदराकडे निघालेल्या गाड्या परत फिरल्या. काही सरकारांनी विनंती केली म्हणून ठरावीक टन सोडले, मॉरिशस त्यात होता. जुलै २०२३ मध्ये पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली ती सप्टेंबर २०२४ पर्यंत. आपल्या तांदळावर ज्यांचं पोट चालतं त्या आफ्रिकी देशांना दिल्लीत अर्ज करून कोटा मागावा लागला. आपण त्याला मैत्री म्हणून दिलेला तांदूळ म्हणतो. मागणाऱ्याला ती याचना वाटत असेल तर नवल नाही.

आणि तिकडचंही सगळं सरळ असतं असं नाही. २०२३ च्या अखेरीस नकाला बंदरात तिथल्याच दोन गटांच्या वादात तूर अडकून पडली आणि ऐन टंचाईत इथे भाव चढले. आपल्या सरकारला बोलणी करावी लागली. थोड्या हातांत माल एकवटला की करार असूनही अडवणूक होते.

उलवेकर

मांजरा_काठ, तुम्हाला उत्तर देणं लागतो. खलाशीकाका, बैरामधल्या कामाला मी कमी जागा दिली हे तुमचं म्हणणं पटलं.

लातूरच्या शेतकऱ्याला बाजूला ठेवून आयात करा असं मी म्हणत नाही. आपला देश साधारण ३५ लाख टन तूर पिकवतो आणि खातो त्याहून बरीच जास्त. म्हणजे काही लाख टन आणावेच लागणार. प्रश्न किती आणायचे याचा आहे, आणि त्याहून जास्त ते कधी ठरवायचं याचा.

आमच्याकडच्या अधिसूचनांच्या तारखा बघा. आयात खुली राहणार हे डिसेंबर २०२३ च्या अखेरीस आणि पुढच्या वेळी जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालं. मोझांबिकमध्ये तुरीची पेरणी नोव्हेंबर ते जानेवारीत उरकते. म्हणजे तिकडचा शेतकरी आपला निर्णय कळायच्या आत बी टाकून मोकळा झालेला असतो. २०१७ ची मर्यादा तर काढणीच्या महिन्यात आली. आणि तुमचं बघा. डिसेंबर-जानेवारीत निर्णय होतो तेव्हा तुमची तूर शेंगेत किंवा खळ्यावर असते. तुम्ही जूनमध्ये पेरलीत तेव्हा पुढच्या वर्षी किती परदेशी माल येणार याचा अंदाज तुम्हालाही नव्हता. दोघांनाही आंधळेपणाने पेरावं लागतं. एकाच्या बाजूने ठरवलं म्हणजे दुसऱ्याचं नुकसान, असं इथे होतच नाही. नुकसान दोघांचंही होतं.

आता सरकारने डाळींत स्वयंपूर्ण व्हायचं ठरवलंय. २०३०-३१ पर्यंतची मोहीम आहे, ११,४४० कोटींची, आणि चार वर्षं नाफेड आणि एनसीसीएफ या सरकारसाठी खरेदी करणाऱ्या सहकारी संस्था नोंदणी केलेल्या शेतकऱ्याची तूर, उडीद, मसूर घेणार. ते झालं तर मला आनंदच आहे. पण मग मोझांबिकला आजच सांगायला हवं की दर वर्षी आमची गरज इतकी इतकी कमी होईल, तुम्ही त्या हिशेबाने तीळ, सोयाबीन काय ते बघा. त्यांच्याशी असलेल्या २ लाख टनांच्या कराराची मुदत २०२५-२६ पर्यंतच ठरली होती. मोझांबिकच्याच रोव्हुमा खोऱ्यातल्या वायू प्रकल्पात आपल्या सरकारी तेल कंपन्यांचा मिळून ३० टक्के हिस्सा आहे. तो वायू अनेक वर्षं तिथून आणायचा आहे. ज्याच्याकडून वायू घ्यायचा त्याच्या शेतकऱ्याला ऑगस्टमध्ये अचानक दार लावून चालणार नाही.

मांजरा_काठ

हे पटलं. तारखेचा मुद्दा मी या बाजूने पाहिला नव्हता. पण नुसती तारीख पुरणार नाही. माझ्या मते आयातीचं शुल्क हमीभावाला बांधावं. बाहेरचा माल बंदरात पडून जो भाव होतो तो हमीभावाच्या खाली असेल तर फरकाएवढं शुल्क, वर असेल तर शून्य. म्हणजे बंदी नको आणि मोकळं रानही नको. २०२५-२६ चा हमीभाव ८,००० आहे, त्याखाली परदेशी तूर उतरू नये, एवढंच मागणं आहे.

दाणाबाजार

याला व्यापारी म्हणून माझी हरकत ऐका. गरीब देशांना २००८ पासून आपण शून्य शुल्काची सवलत दिली आहे. मोझांबिक, टांझानिया, मलावी सगळे त्यात येतात. त्यांच्यावर असं फिरतं शुल्क लावायचं तर ती सवलत मोडावी लागेल, मग पुन्हा शब्द फिरवल्यासारखं होईल. त्यापेक्षा प्रमाण ठरवा. तीन किंवा पाच वर्षांचं टनांचं वेळापत्रक, दोन्ही पेरण्यांच्या आधी जाहीर केलेलं, आणि त्यात सरकारने मधेच हात घालायचा नाही. भाव पडला तर नाफेडने इथे खरेदी वाढवावी, बंदरात माल अडवू नये.

वेळापत्रक आधी कळलं तर मोठे आयातदार साठा करतील, अशी भीती काही जण घालतील. साठ्याची मर्यादा आणि नोंदणी सरकारच्या हातात आहेच.

मांजरा_काठ

नाफेडची खरेदी बारदान्याअभावी थांबणार नाही याची हमी कोण देणार? ती मिळाली तर वेळापत्रकाला मी तयार आहे. न मिळाल्यास शुल्काचा आग्रह सोडणार नाही.

प्रवासी_पक्षी

दोन्ही बाजू लिहून कुठे पाठवल्यात तर बरं होईल. टांझानिया आणि मलावीच्या बाजूचं पीक वेळापत्रक मी तिकडच्या जुन्या सहकाऱ्यांकडून नीट तपासून देतो. मलावीशी ५० हजार टनांचा करार २०२१ मध्ये झालाय, तोही यात घ्या.

दाणाबाजार

आमच्या व्यापारी संघटनेची बैठक महिनाअखेरीस आहे, तिथे मांडतो. मांजरा_काठ, तुमच्या भागातल्या शेतकरी उत्पादक कंपनीचं पत्र जोडता येईल का? व्यापारी आणि शेतकरी दोघांचं मिळून गेलं तर वाचतील.

मांजरा_काठ

रविवारी गावी जातोय, अध्यक्षांशी बोलतो. बारदान्याचं कलम पत्रात पहिलं असेल. उलवेकर, गेल्या काही वर्षांच्या अधिसूचनांच्या तारखा एका तक्त्यात टाकून द्या, त्याला वडिलांच्या पेरणी-काढणीच्या तारखा मी जोडतो.

उलवेकर

तक्ता शनिवारपर्यंत इथेच टाकतो. मोझांबिकचे रकाने आधी, मग मलावी आणि टांझानिया.